उजवीकडचा मासा

३ ऑगस्ट २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. हाताने, वहीत. लॅपटॉपवर लिहायला बसलं की तो मध्येच विचारतो, हे वाक्य सुधारून देऊ का? नको. मला माझी वाक्यं पुरतात. लॅपटॉप जावयाने दिलाय. नितेश. सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे त्यांच्यापैकीच.

अक्षता, आमची एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. गणपती झाले की. तिच्यासाठी आतली खोली रिकामी करायची आहे. खोलीत माझी तीन मशिनं, दोन मॉनिटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फ्लॉप्यांचे खोके. जानकी याला भंगार म्हणते. बायकोला संग्रह कळत नाही.

संकल्प : याच महिन्यात खोली रिकामी.

५ ऑगस्ट, मंगळवार
घाई करून चालणार नाही. हिरव्या स्क्रीनचं मशिन नाजूक आहे. कंपनीने कम्प्युटर डिपार्टमेंट मोडीत काढलं तेव्हा मी ते टॅक्सीच्या टपावर बांधून चारकोपला आणलं होतं. त्यावर अक्षतासाठी मी स्वतः एक गेम लिहिला होता. मासे पोहत येतात, आपण जाळं सरकवायचं. सगळ्यात उजवीकडचा मासा मात्र जाळ्यात येत नाही. हल्लीची पोरं याला बग म्हणतील. आयुष्यात प्रत्येक मासा मिळत नसतो, हे मुलीला लहानपणीच कळावं म्हणून मी तो तसा ठेवला. दुरुस्तही होत नव्हता, पण तो भाग वेगळा.

तर प्लॅन असा. अक्षता दारात येईल तेव्हा मशिन चालू, गेम सुरू. मग खोली रिकामी. बंद मशिन हलवलं की कायमचं गेलं, म्हणून आधी चालू करायचं. जानकीला हा क्रम नीट समजावला. ती म्हणाली, आणि बाळंतिणीची खाट कुठे टाकू, प्रिंटरवर?

१७ ऑगस्ट, रविवार
चालू होत नाही. बोर्डावर गंज. खाडीची हवा. घर घेताना हा विचार कोणी केला नाही.

जयवंत आला होता. आम्ही एकाच डिपार्टमेंटला. म्हणतो, धाकू, दे टाकून यार, मी माझी दोन्ही मशिनं भंगारात घातली, आता घरात सोफा मावतो. फितूर साला. त्याला दुसरा चहा विचारला नाही.

आज लॅपटॉपने पुन्हा अपडेट घेतलं. बटणं जागेवरून हलली. ‘आणखी चांगला अनुभव’ म्हणे. कोणी मागितला होता? माझ्या मशिनला वीस वर्षांत एक अपडेट लागलेलं नाही. जानकी म्हणाली, वीस वर्षांत ते चालूच कुठे झालंय? तिला मुद्दा कळत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
उद्या चतुर्थी. गावी आहे. आता माझा नाइलाज आहे. परतलो की एका दिवसात उरकतो.

९ सप्टेंबर, मंगळवार
पितृपक्ष लागला. या दिवसांत घरातल्या जुन्या वस्तू हलवू नयेत, असं मला वाटतं. जानकी म्हणाली, असं कुठेही सांगितलेलं नाही. मग मालवणीवर आली. ह्या भंगार घरातसून कधी जातला? ती मालवणीवर आली की मी बाल्कनीत जातो.

अक्षताचा फोन. बाबा, खोली झाली ना? म्हटलं, जवळजवळ. खोटं नाही. एक खोका पॅसेजमध्ये हलवला होता. जानकीला ठेच लागली, म्हणून परत आत ठेवला.

२१ सप्टेंबर, रविवार
अक्षता आणि नितेश खोली बघायला आले. अक्षता दारातच थांबली. आत जायला जरा तिरकं व्हावं लागतं. मी रोज होतो. तिला आता तिरकं होता येत नाही. मी म्हटलं, गेम आठवतो ना? म्हणाली, आठवतो की. मशिन चालू झालं की बोलवा बाबा. हसली. उत्साह आहे पोरीला.

नितेशने गेम कसा होता ते खोदून खोदून विचारलं. मी मूर्खासारखं सगळं सांगितलं. जाळं, मासे, उजवी बाजू, सगळं.

२४ सप्टेंबर, बुधवार
नितेशने लिंक पाठवली. माझा गेम! एआयला सांगितलं आणि त्याने करून दिला. जेवायच्या सुट्टीत. मी त्यासाठी अख्खा उन्हाळा घातला होता. मासे रंगीत, बुडबुडे, वर संगीत. भडक, फालतू, कल्पनाशून्य.

अक्षताचा मेसेज : बाबा, यात उजवीकडचा मासा सापडतो!!

दोन उद्गारचिन्हं. डिलीट केला. मग डोकं इतकं फिरलं की जेवलो नाही. चोर आहेत सगळे. दुसऱ्याचा मासा पकडतात आणि वर दाखवतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
विजय! मशिनमध्ये धुगधुगी. पंखा फिरला, स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली. फक्त फ्लॉपीतून गेम वाचायचा बाकी. त्याआधी रीतसर पूजा केली. झेंडूची माळ, हळद-कुंकू. कुंकू जरा सढळ पडलं आणि थेट फ्लॉपी ड्राइव्हच्या फटीत गेलं. आता ड्राइव्ह खरखरतो आणि थांबतो. हल्लीच्या कुंकवात काय घालतात कुणास ठाऊक.

८ ऑक्टोबर, बुधवार
अक्षता येणार नाही. मुलुंडलाच राहणार, सासरी. सासूने खोली तयार केलीय. खिडकीला नवे पडदेसुद्धा लावलेत म्हणे. मला नाही सांगितलं, आईला सांगितलं. कारण विचारलं तर जानकी म्हणाली, डॉक्टर तिकडचाच आहे ना. म्हणजे खोलीचा काही संबंध नाही.

जानकी बॅग भरून तिकडे निघाली. दारात म्हणाली, घ्या, आता खोली तुमची.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग ड्राइव्ह उघडला.

२५ ऑक्टोबर, शनिवार
मुलगी झाली. दोघी झकास आहेत. जानकी फोनवर रडत होती, मीही थोडा.

लगेच निघणार होतो, पण ड्राइव्ह टेबलावर सुटा पडलाय. असा सोडून गेलो तर एखादा स्क्रू गेलाच समजा. शिवाय हात हलवत कसं जायचं? मशिन चालू करीन आणि ती बातमी घेऊनच जाईन.

२ नोव्हेंबर, रविवार
चालू झालं! फ्लॉपी वाचली. मासे आले. हिरवे, चौकोनी, जसेच्या तसे. उजवीकडचा सुटला. बरं वाटलं.

घरात सांगायला कोणी नव्हतं. अक्षताला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन स्क्रीनसमोर धरला. बघ, बघ, हा मासा, आता जाळं बघ. तिला म्हणे नुसते काळे पट्टे वरून खाली जाताना दिसत होते. माझ्या डोळ्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. म्हणजे कॅमेऱ्याची लायकी नाही. मी फोन पुढे-मागे केला, तिरका धरला. ती मग म्हणाली, बाबा, राहू दे हो ते. तुम्ही दिसा ना. ही जागी आहे, तुम्हाला बघू दे.

फोन फिरवला. तिकडे एवढंसं तोंड, मूठ तोंडात. इकडे कोपऱ्यातल्या चौकटीत मी, आणि मागे छतापर्यंत खोके.

या फोनचं सॉफ्टवेअर अगदीच टाकाऊ आहे. माणूस भयंकर म्हातारा दिसतो. कॉल संपल्यावर फोन अपडेट केला. तरी तसाच दिसतो.