मागचा आवाज

प्रिय शिल्पा,

पत्र बघून हसशील. दुकानात फोन असताना अप्पाला कागद कशाला लागला, असं म्हणशील. फोनवरच सांगणार होतो, पण तू लगेच 'अप्पा, पुन्हा तेच?' म्हणतेस आणि माझं निम्मं पोटातच राहतं. कागद मधे बोलत नाही.

आधी भांडण उरकून घेतो. दिवाळीला आलीस तेव्हा दुकानाचे सगळे फोन तू त्या मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर टाकून दिलेस. फुकट आहे, चेहरा दिसतो, सगळं जग तेच वापरतं म्हणालीस. मीही लई कौतुकानं मान डोलावली. पण माझा धंदा तुला ठाऊक आहे. किल्लारीपासून उमरीपर्यंतचा माणूस विहिरीवरची मोटार बिघडली की मला फोन लावतो आणि बोलत बसत न्हाई, फोन सरळ मोटारीजवळ धरतो. मी ऐकून सांगतो, बेरिंग गेलं, पंपात खडा अडकला, का एक फेज उडाला. कित्येकांना मोटार उपसून लातूरला आणावीच लागत नाही. जळाल्या मोटारीचं वायंडिंग काय, लातुरात गल्लोगल्ली होतं. माझ्याकडे लोक येतात ते या कानांमुळे.

अ‍ॅप आलं आणि मोटारी मुक्या झाल्या. माणूस बोलला की आवाज काचेसारखा स्वच्छ, मोटारीजवळ फोन नेला की सामसूम. उमरीचा व्यंकटी, तोच, तुझ्यासाठी हुरडा धाडणारा, त्यानं विहिरीवरून फोन धरला. मला काहीच ऐकू येईना. म्हटलं, मोटार चालूच झालेली न्हाई, स्टार्टर दाबून धर. त्यानं माझ्या शब्दावर दाबून धरला. तिकडं मोटार तीनातल्या दोनच फेजवर नुसती घुमत होती, बिचारी ओरडून राहिली होती. कॉईल जळून गेली. व्यंकटीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, अप्पा, वय झालं आता, कान दाखवून घ्या.

तुझ्या आईला न सांगता नांदेडच्या कानाच्या डॉक्टरकडे गेलो. लातुरात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं असतं, सिद्रामप्पा बहिरा झाला म्हणून. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या आणि म्हणाला, कान तरण्या पोराचे आहेत, तुम्ही दुसरं काहीतरी तपासा.

मग कंपनीला कळवायला बसलो. शिल्पा, साऱ्या जगाला फोन जोडून देणाऱ्या कंपनीला स्वतःचा फोन नंबर नाही. एक खिडकी उघडते, त्यातून यंत्र नमस्कार करतं. मी लिहिलं, मोटार ऐकू येत नाही. ते म्हणालं, आवाज वाढवून बघा. मी लिहिलं, माणूस द्या. ते म्हणालं, आमचं उत्तर कसं वाटलं, तारे द्या. भिंतीशी भांडावं तरी हात दुखतो म्हणून कळतं. इथं तेही न्हाई.

शेवटी आपलं जुनं गिऱ्हाईक माधवराव, त्यांच्या लेकीनं गाठ सोडवली. भार्गवी नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली आणि तिथंच दोघा-तिघांना घेऊन इंटरनेटवरची फोनसेवा चालवते. ऐकून हसलीच ती. म्हणाली, काका, त्या अ‍ॅपला माणसाच्या आवाजाशिवाय बाकी सगळा कचरा वाटतो, ते झाडून टाकतं. तिच्याकडे तो झाडू बंद ठेवता येतो. घेतली तिची लाइन, पाटीवर नवा नंबर रंगवला. खोटं कशाला बोलू, बिल येतं, चेहरा दिसत नाही, आणि एकदा दुपारभर लाइन बंद पडली होती. पण फोन केला की भार्गवी स्वतः उचलते, 'बघते काका' म्हणते आणि खरंच बघते. तू मात्र तोंड फुगवलंस. असल्या कंपन्या उद्या बुडतात म्हणालीस. बुडू दे. बुडताना हाक तरी मारतील.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते. गुरुवारी माझा मोबाईल बंद होता म्हणून तू दुकानाच्या नव्या नंबरवर फोन केलास. इतके दिवस माझ्या मोबाईलवर त्याच अ‍ॅपवरून बोलतेस, हसतेस. मागची भिंतसुद्धा तिथं धूसर करून मिळते. जावईबापू महांतेशराव कुठं विचारलं की आतल्या खोलीत मॅच बघताहेत म्हणतेस. गुरुवारीही तेच म्हणालीस. पण तुझा आवाज कोऱ्या भिंतींवर आपटून परत येत होता. कपाट, पडदे, गाद्या असलेली खोली असा आवाज देत नाही, माय. मॅच नव्हती. लग्नात मी दिलेला टेबलफॅन तेवढा कटकट करून राहिला होता. मग दार वाजलं. तू फोनवर हात ठेवलास, पण ही लाइन हाताला दाद देत नाही. कुणी बाई विचारत होती, "डबा उद्यापासून एकटीचाच ना, ताई?" आणि तू म्हणालीस, "हो."

मी काही विचारत नाही. आईला बोललो नाही, ते तुझं तू सांगशील तेव्हा सांग. तुझा झाडून-पुसून आलेला आवाज ऐकून मी इतके दिवस खुशाल जेवत होतो, चीड त्याची आहे, तुझ्यावर न्हाई. यापुढं दुकानाच्या नंबरवर लाव. बोलवत नसेल तर बोलू नकोस, फोन नुसता समोर ठेव, मी ऐकत बसेन. आणि त्या फॅनचं बुश झिजलंय. बदलायला येऊ का, तेवढं कळव.

तुझाच,
अप्पा