जास्वंदीच्या पट्ट्या

९ नोव्हें. ९५, रोहा
आमची प्रयोगांची पेटी आज सुनंदाबरोबर पेणला गेली. दोन दिवसांसाठी. बाईंना तिथल्या आपल्या मुख्याध्यापकांना दाखवायचीय. एसटीत मीच चढवून दिली, जड झालीय बया. त्यातलं गणित सु.चं, रसायन माझं. बी.एड.पासून आम्हा दोघींचा हाच उद्योग. प्रयोगशाळा नसली तरी दहावीच्या पोरांच्या हातात काहीतरी पडावं. सु.ने माहेरच्या गणपती कारखान्यातले छोटे साचे आणलेत. मूर्ती दुप्पट उंच केली तर प्लास्टर आठपट, हे पोरांना साचा भरल्यावरच पटतं.

१६ नोव्हें.
पेटी नाही. सु.च्या शाळेत फोन केला. "अगो, शिक्षणखात्याच्या साहेबांना आवडलीय, राहू दे जरा." आम्ल-आम्लारीचा धडा पुढे ढकलला. पोरी विचारतात, "बाई, पेटी कदी येनार हाय?" काय सांगू.

२ डिसें.
डोकं सणकलंय. जिल्ह्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात आमची पेटी पहिली. आमची कसली, सु.ची. पेपरातल्या फोटोत झाकणावर तिचं एकटीचं नाव. ते झाकण ह्यांनी रंगवलंय, धाटावच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर. आमचे मु.अ. पेपर घेऊन वर्गावर आले. "बाई, असं काहीतरी आपल्या शाळेनंही करावं." मी हसले. का हसले कुणास ठाऊक.

३ डिसें.
ह्यांचं एकच. "जा नि विचार तिला. नायतर इथं भांडी आपटत बसशील."

१० डिसें., रवि.
पेणला रामवाडी स्टँडवर उतरून सु.च्या घरी चालत गेले. सु.ने पोहे केले, मला आवडतात तसे, भरपूर खोबरं घालून. म्हणाली, प्रदर्शनाच्या फॉर्मात एका वस्तूला एकच शिक्षक लागतो गो, मी तरी काय करू. आणि पेटी? ती साहेबांच्या ऑफिसात, शिबिरासाठी ठेवून घेतलीय. माझी दहावी मार्चला परीक्षेला बसणार, हे तिला ठाऊक आहे. भांडायला गेले होते, पोहे खाऊन परत आले. माझ्यासारखी गाढव मीच. एसटीत रडू आलं.

८ जाने. ९६
ऑर्डर आली. पेणला दोन दिवसांचं शिबिर, स्थानिक वस्तूंतून रसायन व गणित. मार्गदर्शक सु., प्रशिक्षणार्थी मी. माझीच पेटी शिकायला मी जायचं. मु.अ. म्हणाले, नशीबवान आहात.

१६ जाने., रात्री घरी
पहिला दिवस. तिसऱ्या बाकावर बसले. साच्यांचं गणित सु.ने झकास घेतलं, खोटं कशाला बोलू. मग आम्ल-आम्लारी ओळखायच्या जास्वंदीच्या पट्ट्या, फुलांच्या रसात भिजवून वाळवलेला टीपकागद. लिंबाच्या रसात बुडवली, ढिम्म. साबणाच्या पाण्यात हिरवी व्हायला हवी, तरी ढिम्म. मला बाकावरूनच कळलं. माझ्या पट्ट्या संपल्या असणार, तिने नव्या केल्या आणि उन्हात वाळवल्या. कारखान्यातली पोर ती, ओलं दिसलं की फळीवर घालून उन्हात ठेवणार, गणपती असो की टीपकागद. जास्वंदीचा रंग उन्हात मरतो. सावलीत वाळव गो, सावलीत, किती वेळा सांगितलं असेल मी.
लोक हसले. सु.ने माझ्याकडे पाहिलं, दिवसभरात पहिल्यांदाच. मी खिडकीबाहेर पाहिलं. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.
चहापर्यंतच टिकलं ते. कोलाडकडचे एक सर कप ठेवत म्हणाले, "हे असलं आपल्या शाळेत नाय चालायचं. खडू-फळा बरा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळी पेटीच निकालात काढली.
निघताना सु. फाटकाशी आली. "उद्या पट्ट्यांचा तास तू घेशील? सांगेन मी सगळ्यांना, पट्ट्या तुझ्या आहेत म्हणून."

१७ जाने., एसटीत
दहावीसाठी सावलीत वाळवलेल्या पट्ट्या होत्याच, डबा घेतलाय. हे म्हणाले, "तिची अब्रू तूच वाचव आता." तिच्यासाठी नाही, त्या कोलाडच्या सरांच्या पोरांसाठी म्हणायचं होतं. तेही पुरतं खरं नाही.
पट्ट्या तुझ्या म्हणाली. पेटी आपली, असं काही म्हणाली नाही.
नागोठणं गेलं. डबा मांडीवर आहे, झाकण घट्ट लावलेलं.