कुठे मोडेल ते आधी सांगा

सोमवार, ६ जानेवारी

मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला आहे. नववीच्या मुली विज्ञानाच्या तासाला पुठ्ठ्याचे पूल का बांधतात? मुदत शुक्रवार. खुलाशात जे लिहिता येणार नाही ते इथे लिहिते.

खेळ माझाच. दोन बाकांमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा पूल बांधायचा, वर एकेक वही ठेवत जायची. पूल टिकला म्हणून गुण नाहीत. आधी चिठ्ठी लिहायची — कुठे मोडेल, कितव्या वहीला. ती खरी ठरली तर गुण. पहिल्या दिवशी सगळ्यांनी लिहिलं, ‘मोडणार नाही’. सगळे मोडले!

मंगळवार

खेळाचं खोकं मुख्याध्यापक सरांनी कपाटात घातलं. किल्ली त्यांच्या खिशात. "बाई, पोरींना इंजिनिअर करायचंय की सुतार?"

"सुताराला निदान खुर्ची कुठे डुगडुगते ते कळतं. तुमची डुगडुगतेय."

थोरल्या बहिणीचा फोन — निवृत्तीला आठ महिने राहिलेत, तोंडाला कुलूप घाल. एक कुलूप पुरे आहे.

बुधवार

खोकं नाही तर नाही. वर्गाला म्हटलं, आता शाळाच पूल समजा. मधल्या सुट्टीत हिंडा, चिठ्ठ्या लिहा. नुसतं बघायचं. कुठे चढलात तर गाठ माझ्याशी.

पहिली चिठ्ठी मौनीची. वर्गाने ठेवलेलं नाव. वर्षभरात तिने ‘हजर’पलीकडे शब्द काढलेला नाही. ‘पाण्याच्या टाकीचा स्टँड. मागचा डावा पाय. टाकी भरेल तेव्हा.’

"कशावरून?"

"बाई, तीन पायांचा गंज जुना, काळा आहे. ह्याचा ताजा, नारिंगी. म्हणजे तिथे हलतंय."

त्याच टाकीखाली पहिलीची पोरं पाणी पितात. सरांना सांगितलं. "खेळातली भुतं शाळेत आणू नका." पंपाचा खटका मी बंद केला. नळांपुढे बाकं आडवी लावली. करा काय करायचं ते.

गुरुवार

शाळेत पाणी नाही. मला खोटं पाडायला सरांनी वेल्डर बोलावला. त्याने आधी टाकी रिकामी करून खाली उतरवली. मग मागच्या डाव्या पायावर हातोडी नुसती टेकवली. पाय त्याच्या हातात आला.

"कुणी ओळखलं हे?"

मौनीने हात वर केला. त्याने तो तुटका पाय तिच्यापुढे धरला. "आता सांग, जोड कुठे देऊ?"

तिने सांगितलं. मोठ्याने.

शुक्रवार

खुलासा दिला नाही. मौनीची चिठ्ठी दिली.

सर बसणार होते, ते खुर्चीकडे बघून उभेच राहिले. "अशा अजून किती आहेत?"

हवाली केल्या — चिठ्ठ्या, मौनीची धरून चौतीस. पोच मिळाली — कपाटाची किल्ली, एक. ती मौनीकडे दिली.

"बाई, हिची गरजच नव्हती. कडी एकाच स्क्रूवर आहे."

पस्तिसावी तिथेच लिहून घेतली.