कॉलेज तेच, देश दुसरा

बाई, पत्राला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही गेल्याचं मला एका सुट्टीत गावी आल्यावर कळलं, तेही बंदरावर, कुणाच्या तरी बोलण्यातून. तेव्हाच काही लिहायला हवं होतं, पण इथे बहरीनमध्ये तुम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं, मग लिहायचं कुणाला? आज लिहितोय, कारण माझी धाकटी मुलगी शनिवारपासून इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून लागणार आहे आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तशी मला चैन कधीच पडत नसे, हे तुम्हाला आठवत असेल. घंटा व्हायच्या आधीच पाटी-दप्तर आवरून बसणारा तो मी. बायको म्हणते, निकाल लागायच्या आधीच रडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

धाकटी शिकली युक्रेनमध्ये. गेली तेव्हा तो सोविएत युनियनचा भाग होता. मी मुहर्रकच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात स्टोअर सांभाळणारा. माझ्यासारख्याच्या मुलीला डॉक्टर व्हायचं तर तीच एक वाट परवडणारी होती. तिचा अर्धा अभ्यास झाला आणि युक्रेन युनियनमधून बाहेर पडला. ती बातमी मी इथल्या बुसैतीन गावातल्या घरात टीव्हीवर पाहिली आणि तसाच फोनकडे धावलो. आमच्याकडे, बाई, प्रत्येक परदेशी माणसाला एक कफील असतो. त्याच्या नावावर आपला व्हिसा. कफिलाने धंदा बंद केला की व्हिसा खलास, माणसाने सामान बांधायचं. इतक्या वर्षांत मी कितीजणांना विमानतळावर सोडून आलोय. मला वाटलं, युनियन म्हणजे पोरीचा कफील, तोच मेला.

फोन लागेपर्यंत मी निम्मा झालो होतो. "सामान बांध," म्हटलं, "मी तिकीट पाठवतो."

"का, अब्बा?"

"का काय? तुझा कफील गेला!"

ती हसत सुटली. "अब्बा, ही युनिव्हर्सिटी आहे, गॅरेज नाही. मॅडम सकाळी आल्या, पॅथॉलॉजी शिकवली, जाताना उद्याचा धडा पण सांगून गेल्या."

"आणि त्यांना पगार कोण देणार?"

"ते त्यांनाही माहीत नाही," ती म्हणाली. मग हलक्या आवाजात, "प्लीज, मला बोलावू नका."

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगून टाकलं, "तुझ्या बापाचं ऐकू नको. शीक." मी रात्रभर तळमळलो, पण तिकीट काढलं नाही.

मला भीती का वाटली, ते तुम्हाला सांगायला नको. आपलं संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा मी तुमच्याकडे सातवीत होतो. आमचे वडील म्हणाले, दरबार गेला, आता त्या शाळेचा दाखला कोण विचारणार? मीही दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून विचारलं होतं, "बाई, आता शाळा कुणाची?" तुम्ही खडूही खाली ठेवला नाहीत. "राज्य बदललं म्हणून पाढे बदलत नाहीत. बस खाली." मी बसलो. पण वार्षिक परीक्षेच्या आधीच वडिलांनी मला कामासाठी गलबतावर चढवलं आणि माझं शिक्षण तिथेच राहिलं. त्याचं दुःख आता नाही. वडिलांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी केलं.

धाकटीचे तिथले दिवस सोपे नव्हते. तिच्याबरोबर शिकणारी ताश्कंदची मुलं एका दिवसात परदेशी ठरली, काही परत गेली. मॉस्कोहून येणारी मासिकं बंद झाली. फी डॉलरमध्ये मागू लागले. त्या पॅथॉलॉजीच्या मॅडमची बहीण रशियात, तिला भेटायला आता सरहद्द ओलांडायची. महिनोन् महिने पगार नाही, वर्गात हीटर नाही. मॅडम ओव्हरकोट घालून शिकवायच्या आणि उन्हाळ्यात गावाबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यात बटाटे लावायच्या. धाकटीने चहा आणि मसूर डाळ मागवायला सुरुवात केली तेव्हा मी पुन्हा घाबरलो. "तू उपाशी आहेस का गं?" तर म्हणाली, "मला नको, अब्बा. मॅडमना. त्यांना मसूर शिजवता येत नाही, ते पण मीच शिकवते."

डिग्री मिळाली, ती घरीही आली, तरी माझा घोर संपला नव्हता. इथल्या आरोग्य खात्याच्या काउंटरवर कागद द्यायला आम्ही दोघं गेलो. तिथला केरळी कारकून कागद उलटेपालटे करतो, चष्मा वर करतो आणि म्हणतो, "चाचा, ॲडमिशन एक मुल्क का, डिग्री दूसरे मुल्क की. लड़की ने बीच में कॉलेज बदला क्या?" मी घाईने पिशवीतले उरलेले कागद काढू लागलो. धाकटी शांतपणे म्हणाली, "कॉलेज वही है. मुल्क बदल गया." तो हसला, शेजारच्यालाही ऐकवलं आणि शिक्का मारला. मग तिने इथली परीक्षा दिली, गेल्या आठवड्यात पास झाली. घरी बिर्याणी झाली. मी पहिल्यांदाच दोनदा वाढून घेतलं.

त्या मॅडमची हकिगत ऐकल्यापासून मला आपलं ते वर्ष आठवत राहतं. आपण भारताच्या युनियनमध्ये शिरलो, ते त्यांच्या युनियनमधून बाहेर पडले, पण मास्तरांचे पगार दोन्हीकडे अडकले. जुन्या दरबाराने द्यायचा की नव्या सरकारने, हे ठरेपर्यंत तुम्ही तशाच शिकवत राहिलात. आमच्या आईला ते कळलं आणि तिने माझ्या हाती सोड्यांची पुरचुंडी दिली. तुम्ही सोवळ्यातल्या घरच्या, सुकी कोळंबी चालणार नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात मी उभा. तुम्ही गाठ सोडली, वास आला, तुम्ही गाठ पुन्हा बांधलीत आणि म्हणालात, "आईला सांग, मिळालं हो. फार आठवण ठेवली." घरी आई विचारते, "बाईला आवडले का रं?" तिचा चेहरा बघून मी सांगून टाकलं, "फार आवडले. अजून मागितलेत."

म्हणून ते सोडे येत राहिले, बाई. मी गलबतावर चढेपर्यंत दर आठवड्याला. तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत. माझं खोटं मी कुणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही, आणि हे पत्रही कुठे टाकता येणार नाही. पण शनिवार येईल, पोरगी कामाला जाईल, मग मला काळजी करायला काहीतरी हवंच. तेव्हा एवढं कळवा. ते सोडे तुम्ही कुणाला देत होतात, की त्या दिवसांत खरंच शिजवलेत? काहीही असो, लवकर कळवा.