शेवटचं गाणं झालं की निघायचं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांगच समज. गुडघ्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला आहे.) तुझा मोतीबिंदू काढून महिना झाला, तेव्हा हे पत्र तू स्वतः वाचते आहेस असं धरून चालतो. भाऊजी वाचून दाखवत असतील तर त्यांनी इथेच थांबून कागद तुझ्या हातात द्यावा, पुढचं बहीणभावातलं आहे. त्यांची नवी कवळी सैल वाटत असेल तर त्यांनी कुरकुरत बसू नये, सरळ माझ्याकडे पाठवावी. चाळीस वर्षं मी गावाचे दात बनवतोय आणि घरचा माणूस सफरचंद किसून खातो, हे बरं दिसत नाही. माझी तब्येत ठीक. डोकं मात्र आठवडाभर ठिकाणावर नाही, आणि त्याचंच हे पत्र.

झालं असं की गेल्याच्या गेल्या रविवारी सकाळी मुंगी चहाच्या कपात बघत म्हणाली, पुढच्या रविवारी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे, यायचं असेल तर या, पुढे एक खुर्ची ठेवते. तुला ठाऊकच आहे, वर्षापूर्वी तिने मला आपलं पहिलं गाणं ऐकवलं होतं आणि मी कौतुकाने विचारलं होतं, छान आहे, पण गाणं सुरू कधी होतं? (मला खरंच कळलं नव्हतं.) त्यानंतर लेकीने माझ्यासमोर गाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. जेवण, कपडे, गॅस संपला, सगळं बोलायची, गाणं सोडून. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यात एवढा मोठा विषय बंद म्हणजे निम्मं घर कुलूप लावून ठेवल्यासारखं. तेव्हा या खुर्चीवर बसून पुन्हा शेण खायचं नाही असं मी ठरवलं, आणि सोमवार ते शनिवार रोज एक असा तालमीचा बेत आखला. संगीताचा मी भोक्ता आहेच. कामाच्या टेबलावरचा रेडिओ मी दुरुस्तीलासुद्धा चालू ठेवून नेला होता. पण हे संगीत वेगळं. याला इंडी म्हणतात. म्हणजे डोक्यावर कंपनी नाही, स्वतः लिहायचं, स्वतः गायचं आणि शेवटी वायरीही स्वतः गुंडाळायच्या.

सोमवारी पुस्तकांच्या दुकानाच्या तळघरात गेलो. दारावरच्या बाईने माझ्या मनगटावर शिक्का मारला. (तो अजून निघालेला नाही. दातांचे डॉक्टर माप द्यायला आले तेव्हा मी बाही ओढून बसलो होतो.) आत चार जण तारा पिळत उभे होते. एक सूर लावायचे, थांबायचे, एकमेकांकडे बघायचे, पुन्हा लावायचे. मुंगीचं गाणं असंच सुरू झालं होतं, म्हणून मी या वेळी सावध होतो. डोळे मिटले, मान डोलावली आणि शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हा शेजारच्या माणसाने हळूच सांगितलं की ते अजून वाद्यं जुळवतायत. मग खरं गाणं सुरू झालं, ते मला जुळवण्याइतकं आवडलं नाही.

मंगळवारी एका बंद पडलेल्या कापडगोदामात दोनशे माणसं उभी होती आणि खुर्ची एकही नव्हती. मी ती पुढे येईल म्हणून थांबलो, ती आलीच नाही. बुधवारी एकटा माणूस आणि आवाज तिघांचे. तो पायाने एक डबी दाबायचा आणि मघाशी गायलेलं पुन्हा ऐकू यायचं. मी पडद्यामागे जाऊन बाकीचे दोघे शोधले, तिथे फक्त झाडू होता. गुरुवारी पहिली तीन गाणी मला चक्क कळली, मी खूश होऊन घरी आलो आणि मुंगीला सांगितलं, तर म्हणाली, बाबा, ती सुरुवातीची पोरं होती, ज्यांचा कार्यक्रम ते नंतर आले असतील. आता ज्याचं लग्न तो शेवटी येतो हे मला कोण सांगणार? शुक्रवारी सगळे जमिनीवर बसून डोळे मिटून ऐकत होते, मीही मिटले आणि झोप लागली. जाग आली तेव्हा ती गाणारी मुलगी सगळ्यांना सांगत होती की असे मन लावून ऐकणारे कमी असतात. शनिवारी तर ढोलवाल्याने मला ओळख दिली. एकूण गाडी रुळावर आली होती.

एक गोष्ट मात्र मला सहाही दिवस कळली नाही, ती म्हणजे हे लोक घरी का जात नाहीत. गाणारा स्वच्छ सांगतो, हे आमचं शेवटचं गाणं. गातो, वाकतो, आत जातो. आणि लोक जागचे हलत नाहीत, उलट पाय आपटत ओरडतात. ताई, आईने आपल्याला काय वळण लावलं होतं, आठव. यजमानाने आवरतं घेतलं की पाहुण्याने त्याला दुसऱ्यांदा सांगायला लावू नये. मी सहाही दिवस शेवटचं गाणं झालं की टाळ्या वाजवून लगेच निघालो, शुक्रवारी तर दोन माणसांच्या मांडीवरून. (गुरुवारचं शेवटचं चुकीच्या लोकांचं होतं, पण शिष्टाचार तोच.)

रविवार आला. कार्यक्रम सोमवारच्याच तळघरात होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला. खुर्ची खरोखर होती, पहिल्या रांगेत, तिच्यावर चिकटपट्टीने कागद लावला होता आणि त्यावर फक्त ‘बाबा’. मुंगी समोर उभी राहिली आणि ताई, मी तिचे दात बघितले नाहीत. (गाणाऱ्याने तोंड उघडलं की मी आधी दाढा बघतो, सवय आहे.) तिने नऊ गाणी गायली. जुळवताना मी हात मांडीवर ठेवले, झोपलो नाही, कुणाला शोधायला पडद्यामागे गेलो नाही. किती कळलं ते विचारू नकोस, पण ऊर भरून आला, ते खरं. मग ती म्हणाली, हे शेवटचं. ते झालं. पोरं वाकली, आत गेली. लोकांनी नेहमीसारखे पाय आपटायला सुरुवात केली, आणि तिथे मला राहवलं नाही. माझ्या लेकीला कोणी दमवलेलं मला चालणार नाही. मी उठून मागे वळलो आणि सगळ्यांना सांगितलं, पोरं दमली आहेत, निघा आता. तीन वयस्कर माणसं माझ्याबरोबर निघालीसुद्धा.

दारावरची तीच शिक्क्याची बाई म्हणाली, काका, निघालात कुठे, आत्ता तर खरं गाणं. तेव्हा मला कळलं की शेवटच्या गाण्यानंतर एक गाणं असतं, हे सगळ्या जगाला माहीत असतं, आणि ते राखून ठेवलेलं असतं. मी परत धावलो, पण जिन्यावर गुडघ्याने दगा दिला आणि पोचलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. बाईकडूनच कळलं की गाणं एका माणसाबद्दल होतं, जो दातांच्या साच्यांच्या प्लॅस्टरने पांढरे झालेले हात पुसून रोज सकाळी आपल्या लेकीची वेणी घालतो, आणि ती रोज वाकडी होते. मुंगीने गाण्याआधी माझ्याकडे हात केला होता म्हणे. तिथे रिकामी खुर्ची आणि तो कागद.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, असू दे बाबा. मंगळवार उजाडला तरी पुढे काही नाही. कुलूप परत लागलं. मला कुठे चुकलं ते कळतंय आणि कसं चुकलं ते कळत नाहीये. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता.क. : भाऊजींच्या कवळीचं एवढं काही नाही. पत्र लिहिलं ते यासाठी की मुंगी तुझं ऐकते. तिला एक फोन कर आणि ते गाणं मला ऐकवायला सांग. मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस.

ता.क. दुसरा : फोन करायची गरज नाही. पाकीट टेबलावर उघडं राहिलं होतं. गाणं काल स्वयंपाकघरात ऐकलं. बरं आहे. वेणी वाकडी होती हे जरा वाढवून सांगितलंय, बाकी शेवटपर्यंत नीट ऐकलं.

आत्या, पत्र मी वाचलं, आणि हे खाली मी लिहितेय. शेवटपर्यंत वगैरे काही नाही. पहिल्या कडव्यालाच बाबा उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. नळ बंद झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली, तर पुन्हा गेले. तिसऱ्यांदा मी न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून गायले. तू ये आणि चौथ्यांदा त्यांना धरून बस. — मुंगी