दगडामागचे जावई

भिवंडी,
रविवार दुपार

आदरणीय रवींद्रभाऊ यांस तुळशीरामचा सप्रेम जय भीम.

तुमची तब्येत ठणठणीत असेल, वहिनींचा गुडघा जिना चढू देत असेल आणि शहापूरला नळ वेळेवर येत असेल, असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत आहोत. (मानकोली नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतो तेवढा वेळ सोडून.) तुम्ही फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुमचा फोटोही नाहीसा झाला, तेव्हा मला वाटलं नवा काढायला गेले असतील. सोनल म्हणाली, पप्पा, मामांनी तुम्हाला ब्लॉक केलंय. म्हणून हा कागद. कागद फाडता येतो हे मला कळतं, पण आत काय लिहिलंय ते न वाचता फाडणारे तुम्ही नव्हेत, हेही कळतं.

भाचीचं लग्न मामाला न सांगता उरकलं, आता त्या घराची पायरी चढणार नाही, असं तुम्ही चारचौघांत बोललात म्हणे. तेव्हापासून तुमची बहीण भाजीत मीठ विसरते आहे, आणि मला ते बोलून दाखवायची सोय नाही. भाऊ, लग्न झालेलं नाही. आमच्या घरात जावई आहेत हे मात्र खरं, आणि तेही दोन. पण त्या कोळंब्या आहेत. पत्र खाली ठेवू नका, पहिल्यापासून सांगतो.

सोनल मानकोलीच्या गोदामात डिस्पॅचला आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. दिवसभर खोके मोजून आलेल्या पोरीने घरी काय बघावं, तर समुद्र. हॉलमध्ये शोकेस होतं तिथे आता काचेची टाकी आहे. तिच्यात खास मीठ कालवलेलं पाणी, वर निळा दिवा आणि दगडांवर पोवळी. अंगठीतलं पोवळं नव्हे, जिवंत, फुलासारखी उमलतात. पहिल्या दिवशी मी प्लॅस्टिकची समजून एकाला बोट लावलं, त्याने चटकन अंग चोरलं आणि मी चक्क सॉरी म्हणालो. सोनलने ती एवढ्या-एवढ्याशा तुकड्यांपासून वाढवली आहेत. तिचा जीव आहे त्यांच्यात.

त्यातला एक तुकडा दिला प्रितमने. प्रितम म्हणजे तिच्याच गोदामातला, इथल्याच पूर्णा गावचा मुलगा, त्याच्याही घरी अशीच टाकी. तुकड्याला चिकटून आला एक तारामासा. नखाएवढा, मळकट पांढरा, काही पाय लांब, काही आखूड. आम्ही आधी कौतुक केलं. (मी तर त्याला नाव शोधत होतो.) बघता बघता काच ताऱ्यांनी भरली आणि पोवळी मिटून बसायला लागली, कडा कुरतडलेल्या. सोनल ताटावरून उठून टाकीपाशी जाऊन बसायची. तुमच्या बहिणीने जाहीर केलं की ज्याने ही पीडा घरात धाडली त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. अजूनही त्याचं नाव निघालं की भाकरी जरा जोरात थापली जाते.

माझं आयुष्य लूमवर जॉबर म्हणून गेलं. माग बिघडला की हात घालायचा, एवढंच मला येतं. चिमटा आणि सुताची कात्री घेतली, एकेक तारा धरून मधोमध कापला आणि सोडला तिथेच पाण्यात. पाठ दुखेपर्यंत काम केलं. सोनल ड्युटीवरून आली आणि कपाळाला हात लावून बसली. हा प्राणी म्हणे आपला आपणच दुभंगून एकाचे दोन होतो, आणि मी त्याची मेहनत वाचवली होती. मी पीडा संपवत नव्हतो, उत्पादन वाढवत होतो. शेठच्या कारखान्यात असं निघालं असतं तर बोनस मिळाला असता.

त्यात तुमची बहीण. सकाळी वंदनेला बसून 'पाणातिपाता वेरमणी', जीव घेणार नाही, असं म्हणता आणि दुपारी कात्री घेता? मग सोनलने उपाय काढला. हार्लेक्विन नावाची एक कोळंबी असते, पांढऱ्या अंगावर जांभळट ठिपके, चालणं अगदी नवरदेवाचं. ती तारेमासेच खाते, दुसरं काही नाही. हे तरी चालेल का, असं आम्ही तुमच्या बहिणीला विचारलं. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, तिला भूक आहे, राग नाही, खाऊ दे. मग मुंबईहून जोडी आणली. दोघं मिळून ताऱ्याला उताणा करतात आणि पायांपासून सावकाश जेवत बसतात. काच लख्ख झाली, पोवळी उमलली, सोनल दुसऱ्यांदा भात मागायला लागली. मला फार बरं वाटलं, भाऊ.

आणि तारे संपले! जोडी दुसऱ्या कशाला तोंड लावेना. मी कशेळीच्या कोळणीकडची चांगली सुकट दिली. (आपण कोळंबीला तिचेच नातेवाईक वाढतोय, हे मागाहून लक्षात आलं.) तेव्हा तुमची बहीण म्हणाली, मानाने बसायचं, कामाला हात लावायचा नाही, एकच पदार्थ खायचा आणि सगळ्या घराने काळजी करायची, हे तर जावई! तेच नाव पडलं. उपाशी मेले तर तो दोष आपल्या माथी येईल म्हणून आता सोनल दर रविवारी डबा घेऊन पूर्ण्याला जाते आणि प्रितमच्या टाकीतले तारे भरून आणते.

शेजारच्या गोदूबाईंनी गॅलरीतून ऐकलं ते एवढंच, की जावई उपाशी बसलेत आणि सोनल पूर्ण्याला गेलीय. बाईंनी आधी शहापूरला तुमच्या गल्लीत राहणाऱ्या आपल्या बहिणीला फोन लावला आणि मग टॉवेल-टोपी घेऊन आमच्या दारात.

"अगं बाय, पोरीचं लगीन लावलंस आन् आमाला सांगलं पन न्हाय? कुठं हायेत जावई?"

तुमची बहीण पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "त्या दगडामागे बसलेत. सकाळपासून बाहेर आले नाहीत."

गोदूबाईंनी वाकून बघितलं. "दोन हायेत?"

"जोडीच घ्यावी लागते."

बाई होत्या तिथेच खाली बसल्या. पाणी पाजून सगळा उलगडा केला, पण तोवर बातमी तुमच्या गल्लीत पोचली होती. त्यांनी उलटा फोनही केला. पण जावई म्हणजे कोळंब्या, हे काही त्यांच्या बहिणीला पटलं नाही. तिला वाटलं आम्ही काहीतरी झाकतोय.

भाऊ, मामाने हात धरून आणल्याशिवाय सोनल मंचावर येईल का? तुम्ही असं मनात आणलंत याचं वाईट वाटलं. पण एवढा राग आला म्हणजे पोरीवर जीवही तेवढा आहे, हे मला समजतं. वहिनींना घेऊन या आणि जावई डोळ्यांनी बघून जा. ते हल्ली जेवणाच्या वेळी दगडापुढे येतात.

राग ओसरावा, माया आहे तशी राहावी.

आपला,
तुळशीराम

ता. क. परवा मी प्रितमला फोनवर सहज विचारलं, अरे, तुझ्या टाकीत एवढे तारे, तूही एक जोडी का सोडत नाहीस? तर म्हणाला, काका, मग सोनल कशाला येईल? म्हणजे त्याची स्वतःची पोवळी कुरतडली जातायत आणि हा गडी तारे जपतोय. सोनलला विचारलं, तुलाही तो आवडतो का? ती टाकीकडे बघत हो म्हणाली.

ता. क. दुसरा. मला पोरगा पसंत आहे. पूर्ण्याला जाऊन त्याच्या आईवडिलांशी बोलणी तुम्ही करायची. त्याआधी एक काम आहे. या वेळी मामाच्या आधी मी कोणालाही कळू दिलेलं नाही, तुमच्या बहिणीलासुद्धा नाही. तिला तुम्हीच येऊन सांगा. माझी छाती होत नाही.