लाल फडक्याचं झाड

प्रिय चिंगे,

फोन उचलायला तुला काय रोग झालाय? केला, परत केला, वाजून वाजून गप्प. मग तुझा निरोप, आई, प्रयोगशाळेत आहे, नंतर बोलते. तुझं ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून चौथी शिकलेल्या बाईला कागद घेऊन बसावं लागलं. तसंही हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुझे काका समोरच्याच खुर्चीत असतात आणि त्यांचे कान भलते तिखट.

काका सध्या हवेत आहेत. येईल त्याला खजुराची बाग दाखवतात. माझ्या पुतणीनं नुसत्या पानावरून नर कोण, मादी कोण ते ओळखलं, नाहीतर फुलोरा येईपर्यंत नरांना फुकट पाणी पाजत बसलो असतो म्हणे! तुझ्या शिक्षणावरून याच माणसानं घर डोक्यावर घेतलं होतं. झाडांच्या कुंडल्या मांडून पोरगी काय दिवे लावणार, म्हणाले होते. आता तुझा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खाऱ्या पाण्यावर तगणारं नवं वाण म्हणून तुमच्या संस्थेनं ती रोपं दिली, तेव्हा माझ्या गुडघ्याला लागत होती. बादल्या वाहून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. निकाल आला तशी काकांनी नरांना लाल फडकी बांधली. विहिरीजवळचं माझं लाडकं झाड, त्यालाही बांधलं. तू सांगितलंयस म्हटल्यावर मी कोण बोलणार? परागासाठी एखाददुसरा नर ठेवून बाकीचे पाडायला सोमवारी करवतवाला येतोय.

तू पानं घ्यायला आलीस तो दिवस डोक्यातून जात नाही. ऊन रणरणत होतं. तू विहिरीकडून सुरुवात केलीस, पिशव्यांवर आकडे घालत गेलीस. मीच ओरडले, आधी चार घास खा. खाल्लंस आणि तशीच गाडी गाठायला पळालीस. झाडांना आकड्यांचे बिल्ले ठोकायचं काम काकांवर टाकलंस. आणि काका जन्मभर फाटकापासून मोजत आलेत. तू विहिरीकडून मोजलंस हे त्यांना सांगितलंस का गं? मला तरी ऐकल्याचं आठवत नाही.

काल माझ्या झाडाची पोय फुटली, आतला फुलोरा बाहेर आला. बागेतली पहिलीच. नराचा तुरा हलवला की पिठासारखी पूड उडते. मी हलवला, बोटाला काही लागलं नाही. नुसते पिवळे मणी लगडलेत. मादी आहे ती, चिंगे, आणि गळ्यात लाल फडकं! म्हणजे बिल्ले उलट्या टोकाकडून लागलेत, आणि सोमवारी माद्याच पडणार. काकांना दिसू नये म्हणून वर पोतं गुंडाळलंय. तुला आधीच कळलंय का? म्हणून फोन घेत नाहीस? घाबरली असशील तर घाबर. पण मी सांगितलं तर पुतणीनं घोळ घातला असं होईल. तू सांगितलंस तर पुतणीनं बाग वाचवली. पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय, उद्या मिळेल. तू सांगितलं नाहीस तर सोमवारी मी पोतं काढणार आणि करवतीच्या आडवी उभी राहणार, मग तुझं नाव निघालं तरी निघू दे. रविवारी दिवेलागणीच्या आत काकांना तुझा फोन आला पाहिजे. येतोय का नाही, तेवढं पत्र मिळताच ड्रायव्हरजवळ सांगून पाठव.

चिडलेली, तरी तुझीच,
आई